शेजारची पडकी शेड आणि माझी हिरवी शेडनेट

व्हरांड्यात आईची खुर्ची जिथे असते, तिथून थेट समोर शेजाऱ्यांची पडकी शेड दिसते. पत्रे गंजलेले, एक भिंत ढासळलेली, दार एका बिजागरीवर लोंबकळतंय. शेजारी आता तिथे राहत नाहीत. जमीन त्यांची, शेड त्यांची, त्यामुळे ती पाडणं माझ्या हातात नाही. पण आईचा बराचसा दिवस त्या खुर्चीत जातो, आणि तिच्या डोळ्यांसमोर ते भंगार असावं हे मला सहन होत नव्हतं. म्हणून ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट आणली. ती मला मनापासून आवडली.

टक्के म्हणजे जाळी किती ऊन अडवते त्याचा आकडा. ५० टक्क्यांच्या जाळीतून मागचा गंज बऱ्यापैकी दिसतो. ९० टक्क्यांची नजर छान अडवते, पण वाराही अडवते. जोराच्या वाऱ्यात फुगते आणि सगळा ताण खांबांवर येतो. रंगाचाही विचार करा. काळी जाळी उजेड परतवत नाही, त्यामुळे सावलीत बसून पाहिलं की तिच्यातून पलीकडचं स्पष्ट दिसतं. हिरवीवर ऊन पडलं की नजर जाळीवरच थांबते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाळी कुठे लावायची. बहुतेक जण ती कुंपणाला, शेडच्या अगदी जवळ लावतात आणि मग उंची पुरत नाही. हिशोब सोपा आहे. समजा शेड ४ मीटर उंच आणि खुर्चीपासून २० मीटर लांब आहे, आणि बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर आहेत. जाळी खुर्चीपासून १६ मीटरवर लावली तर ती जवळपास साडेतीन मीटर उंच हवी. तीच ४ मीटरवर लावली तर पावणेदोन मीटरच्या थोडी वर पुरते. रुंदीही त्याच प्रमाणात कमी लागते. खांब कमी उंचीचे लागतात, वाऱ्याचा जोर कमी बसतो आणि सगळं काम आपल्याच हद्दीत राहतं. मोजमाप मात्र खुर्चीत बसूनच घ्या, उभं राहून नको.

स्वेटरसारखी टाके घालून विणलेली (निटेड) जाळी घ्या. कापली तरी तिचे धागे उसवत जात नाहीत. काठ दुमडून शिवलेला आणि त्यात धातूच्या रिंगा असलेली मिळाली तर उत्तम. माझ्या जाळीचा शिवलेला काठ अजून जसाच्या तसा आहे. प्लॅस्टिकचे टाय मात्र उन्हाने ठिसूळ होतात, त्यापेक्षा दोरी बरी.

वेल चढवायचा असेल तर शेजारी वेगळी तार ओढा. मी मधुमालती तारेवरच घेतली आहे. पावसात भिजलेल्या वेलीचं ओझं जाळीवर टाकू नये, आणि जाळीत गुंतलेल्या फांद्या नंतर सोडवता येत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जाळीने दृश्य झाकतं, धोका झाकत नाही. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. असे पत्रे फोडू नका, त्यांना भोकं पाडू नका, घासू नका. त्यांचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. ते काढायचं काम जाणकारांचंच. आणि पलीकडे फुटक्या टाकीत किंवा डब्यात पाणी साचत असेल, तर उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. जाळी लावली की हे दिसायचंच बंद होतं, म्हणून मुद्दाम पलीकडे जाऊन बघावं लागतं.

मी शेजाऱ्यांना फोटो पाठवले आणि शेड पाडा असं न म्हणता फक्त टाकी उपडी करायची परवानगी मागितली. त्यांनी लगेच हो म्हटलं, आणि लोंबकळणारं दार काढून ठेवायलाही सांगितलं. ते दार मुलांच्या अंगावर पडलं असतं, ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. जाळीला पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो संध्याकाळसाठी: सूर्य शेडच्या मागे गेला की जाळीतून तिची आकृती पुन्हा दिसायला लागते.