व्हिक्टोरियन घराच्या सॅश खिडक्या: बदलल्या नाहीत, दुरुस्तच करून घेतल्या

इंग्लंडमधे जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी, सॅश खिडक्या (वर-खाली सरकणाऱ्या काचेच्या चौकटींच्या, त्या चौकटी म्हणजे सॅश) दुरुस्त करणाऱ्या एका फर्मचा हा रिव्ह्यू लिहितोय, कारण इथे खिडक्यांचा विषय निघाला की पहिला सल्ला मिळतो तो "यूपीव्हीसी (म्हणजे प्लास्टिकच्या चौकटी) बसवून टाका". आमचं घर १८८० च्या दशकातलं, लिस्टेड (म्हणजे सरकारी यादीतली संरक्षित वास्तू) नाही पण कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात येतं, आणि रस्त्याला आर्टिकल ४ लागू आहे, म्हणजे एरवी घरमालक परस्पर करू शकतो अशा गोष्टींसाठीसुद्धा काउन्सिलकडे अर्ज करावा लागतो, पुढच्या खिडक्या बदलणं त्यातच आलं. घर लिस्टेड असेल तर आणखी सांभाळून, तिथे लागणारी संमती न घेता काम केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे "कोण बघतंय" म्हणणाऱ्या बिल्डरचं अजिबात ऐकू नका.

आधी एका कंपनीचा माणूस आला होता, त्याने खिडकीला हातसुद्धा न लावता सगळ्या बदलाव्या लागतील म्हणून सांगितलं. नंतर बोलावली ती ही छोटी फर्म, फक्त जुन्या लाकडी खिडक्यांचंच काम करणारी. त्यांच्या सुताराने प्रत्येक चौकटीत टोच्याने जागोजागी टोचून बघितलं आणि दाखवलं की कुजलंय ते फक्त सॅशचं खालचं आडवं लाकूड आणि बाहेरची सिल, जिथे पाणी साचून राहतं, बाकी सगळं ठणठणीत. हे सावकाश वाढलेल्या पाइनचं घट्ट लाकूड आहे, नीट रंगवत राहिलात तर अजून कित्येक वर्षं जाईल, असं तो म्हणाला आणि तिथेच माझा निर्णय झाला. डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दोन काचा एकत्र सीलबंद केलेल्या, युनिटचं सील गेलं की आत वाफ धरते आणि अख्खं युनिटच बदलावं लागतं, यूपीव्हीसीची चौकट बिघडली तर ती लाकडासारखी सांधता येत नाही. लाकडाचं तसं नाही, जेवढं खराब तेवढंच काढायचं.

आणि खरंच तेवढंच काढलं. आतल्या पट्ट्या सोडवून सॅश बाहेर काढले, बाजूच्या पोकळ खोक्यातली सॅशचा भार तोलणारी ओतीव लोखंडाची वजनं काढली, दोऱ्या नव्या घातल्या. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा असा सांधला की रंगानंतर सांधा शोधावा लागतो, बारीक भोकांत इपॉक्सी (घट्ट होणारं राळेचं मिश्रण) भरलं. जुना रंग शिशाचा निघाला (टेस्ट त्यांनी स्वतःहून केली, हे महत्त्वाचं, घरात लहान मुलं असतील तर नक्की विचारा), म्हणून कोरडं घासणं पूर्ण टाळलं आणि खोली प्लास्टिकने झाकून घेतली. जुन्या काचा मात्र जपून परत बसवल्या. फ्लोट काच, म्हणजे आजची एकदम सपाट काच, १९५९ नंतरची, त्याआधीच्या या काचांमधे हलकीशी लाट असते आणि संध्याकाळी उन्हात समोरचं झाड त्यात हलल्यासारखं दिसतं, ते मला सगळ्यात प्रिय आहे. एक काच काढताना तडकली, पण असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगितलेलं.

थंडीचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. जुन्याच सॅशमधे डबल काच बसवा असं मी सुचवलं होतं, त्यांनी नको म्हटलं, आमच्या खिडक्यांच्या मधल्या पट्ट्या फार बारीक आहेत आणि काच जड झाली की खोक्यातली वजनंही बदलावी लागतात. त्याऐवजी कडांना ब्रशच्या पट्ट्या बसवल्या, फटींतून येणारा वारा जवळजवळ थांबला आणि खिडकीची खडखडही गेली. रस्त्याकडच्या बेडरूमला आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे जुन्या खिडकीच्या आत वेगळी दुसरी काच, केलं, दोन काचांमधे साधारण १०० मिलिमीटर अंतर ठेवलं तर आवाजही चांगला अडतो, आता बसचा आवाज दबून येतो. रात्री जाड पडदे लावले तरी उष्णता बरीच टिकते, हे उगाच सांगत नाहीये, तशी मोजमापं झालेली आहेत.

आता खटकलेलं. मूळ कोटेशनमधे बाहेरचा रंग आणि वरच्या मजल्यासाठीचं स्कॅफोल्डिंग धरलंच नव्हतं, ते नंतर वेगळं लागलं, वर २० टक्के व्हॅट, तेव्हा सगळं मिळून किती हे लेखी घ्या. फोन उचलत नाहीत, ईमेलला उत्तर येतं पण सावकाश. आणि जवसाच्या तेलाची पुट्टी वाळल्याशिवाय रंग देत नाहीत, त्यामुळे रंगारी बऱ्याच आठवड्यांनी आला, तोवर खिडक्या अर्धवट दिसत होत्या. ही त्यांची चूक नाही, पण आधी सांगायला हवं होतं.

पाचपैकी साडेचार. आहे तसंच ठेवून दुरुस्ती असल्यामुळे आम्हाला परवानगी लागली नाही, तरी मी काउन्सिलला ईमेल करून तसं लेखी उत्तर घेतलं, घर विकताना वकील विचारतात. काम करून घ्यायचं असेल तर हिवाळ्यातच नंबर लावा, पुट्टी आणि रंगाला कोरडी हवा लागते आणि उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. स्टीलच्या खिडक्या ही मंडळी करत नाहीत, त्यासाठी दुसरं कुणी शोधावं लागेल.