शाळेतलं ‘हेल्थ चेकअप पॅकेज’: इंदूरच्या पालकांनी पैसे भरण्याआधी

सत्र सुरू झालं की इंदूरच्या बऱ्याच खाजगी शाळांत फीच्या पावतीवर ‘वार्षिक आरोग्य तपासणी’ अशी एक ओळ येते. बाहेरची एजन्सी येऊन एका दिवसात सगळे वर्ग उरकते आणि मग घरी रंगीत कार्ड पोचतं. रामबागेकडच्या एका शाळेत झालेलं असं पॅकेज आम्ही बारकाईनं पाहिलं. दातांची तपासणी चांगली, डोळ्यांची जवळपास निकामी, आणि बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) रकाना तर पालकांना घाबरवणारा.

आधी डोळे, कारण शाळेतल्या तपासणीचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो. फळा धूसर दिसतो हे मूल आपणहून सांगत नाही. सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. इथे तक्ता ६ मीटरवरून वाचायचा होता आणि मुलं उभी केली होती जेमतेम ३ मीटरवर. अंतर निम्मं झालं की अक्षर दुप्पट मोठं भासतं, म्हणजे ज्याची नजर ६/१२ आहे (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारं ज्याला ६ मीटरवरूनच दिसतं) तोही ६/६ ची, म्हणजे निरोगी नजरेची, ओळ धडाधड वाचतो आणि कार्डावर ‘नॉर्मल’ छापून येतं. शिवाय रांगेतली मुलं पुढच्याचं ऐकून ओळी पाठ करतात. व्हरांड्यात टेपनं ६ मीटर मोजून खडूची रेघ ओढली, मागची मुलं वर्गातच बसवली आणि डोळा बोटांऐवजी पुठ्ठ्यानं झाकला, तर हे सगळं टळतं. बोटांच्या फटीतून मुलं बघतातच. ज्याला चष्मा आहे त्याला चष्म्यासकट तपासावं.

उंची घेताना बूट काढले होते, पण अंबाडा आणि उंच बांधलेली वेणी तशीच होती, त्यामुळे मुलींची उंची फुगली. वजनकाटा सतरंजीवर ठेवला होता. काटा कडक, सपाट फरशीवरच हवा. पण खरा घोळ पुढे आहे. ८ वर्षांचं मूल, उंची १२५ सेंमी, वजन २४ किलो: बीएमआय १५.४ च्या आसपास. या वयाला हा आकडा अगदी ठीक आहे. कार्डावर मात्र मोठ्यांची १८.५ ची रेघ लावून लाल शाईत ‘अंडरवेट’! मुलांसाठी वयानुसार आणि मुलगा-मुलगी वेगळे असे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते तर आपल्याच मुलांवरून केलेले आहेत. आणि सगळ्या वर्गासमोर वजन मोठ्यानं वाचून दाखवणं ताबडतोब बंद व्हायला हवं.

हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतात. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं किंवा थेंब यावा म्हणून बोट पिळलं, तर रक्त पातळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो. पावसाळ्यात रक्ततपासणीच्या स्ट्रिपची (पट्ट्यांची) डबी उघडी राहिली तर दमट हवेनंही आकडे बिघडतात. ५ ते ११ वर्षांत हिमोग्लोबिन ११.५ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली आणि १२ ते १४ मध्ये १२ च्या खाली रक्तक्षय धरतात. कार्डावर सगळ्यांना एकच मर्यादा होती.

आहाराच्या पानावर ब्रोकोली आणि ओट्स. इंदूरचं मूल सकाळी पोहे खातं! त्यावर लिंबू पिळा, मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेले चणे घाला, आणि सोबत चहा देऊ नका, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं अडतं.

दातांना मात्र पूर्ण गुण. प्रत्येक मुलाला नवे हातमोजे, वेगळा आरसा, आणि कोणत्या दाढेला कीड आहे ते चित्रावर खूण करून दिलेलं.

सगळ्यात मोठी उणीव तपासणीनंतरची. दोष सापडलेल्या मुलाच्या हाती चष्म्याच्या एका दुकानाचं सवलतीचं कूपन, बाकी पाठपुरावा शून्य. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा मोफत तपासणी असते, आणि पुढच्या उपचारासाठी पाठवण्याची सोयही त्यातच असते. पैसे घेणाऱ्यानं निदान तेवढं तरी द्यावं.

शाळेनं करारात एवढं लिहून घ्यावं: ६ मीटरची रेघ, वयानुसार तक्ते, बंद पाकिटात अहवाल, दुकानांची कूपनं नाहीत, आणि ज्या मुलांना पुढे पाठवलं त्यांची महिन्याभरानं पुन्हा चौकशी. शेवटचा हप्ता त्या चौकशीची यादी हातात आल्यावरच द्यावा.