भिंग, आरसा, झोन प्लेट की अ‍ॅरे? तरंग एका जागी आणण्याचे चार मार्ग

प्रकाश एका ठिपक्यात गोळा करायचा म्हटलं की हात भिंगाकडेच जातो. तीच सवय ध्वनी, रेडिओ लहरी किंवा क्ष-किरणांच्या बाबतीत ठेवली तर वेळ आणि सामान दोन्ही वाया जातं. प्रयोग मांडायचा आहे, दुर्बीण बांधायची आहे किंवा एखादी क्षीण लहर संवेदकावर गोळा करायची आहे, पण नेमकं काय वापरावं हे ठरत नाहीये, अशांसाठी ही तुलना. पर्याय चार: भिंग, वक्र आरसा, झोन प्लेट (काळ्या-पारदर्शक वर्तुळांची सपाट चकती) आणि अ‍ॅरे, म्हणजे ओळीत किंवा जाळीत मांडलेले अनेक छोटे स्रोत. माझं मत आधीच सांगून टाकतो. या चौघांत सरसकट श्रेष्ठ कोणी नाही, पण तुमची तरंगलांबी ठरली की बहुतेक वेळा दोन पर्याय आपोआप गळतात.

चौघांचं मूळ काम एकच आहे. नाभीत, म्हणजे लहरी गोळा होतात त्या जागी, तेज वाढायचं तर काठावरून आलेली लहर आणि मधून आलेली लहर एकाच तालात पोहोचली पाहिजे, शिखरावर शिखर पडलं पाहिजे. काठावरची वाट मात्र नेहमीच लांब असते. भिंग मधल्या लहरीला जाड काचेतून जायला लावून तिला उशीर करतं. आरसा वाटा अशा दुमडतो की सगळ्यांची लांबी सारखी भरते. झोन प्लेट उलट्या तालात पोहोचणाऱ्या वाटा सरळ बंद करते. अ‍ॅरे प्रत्येक स्रोताला वेगळ्या क्षणी सोडतो. फर्माने १६६२ मध्ये प्रकाशाच्या मार्गाचा संबंध लागणाऱ्या वेळेशी जोडला. आजही कोणतंही उपकरण तपासताना मी आधी वेळेचाच हिशेब मांडतो, किरणांच्या आकृत्या नंतर.

एक मर्यादा चौघांनाही सारखीच लागू आहे आणि ती आधी तपासलीच पाहिजे. ठिपका हवा तेवढा बारीक करता येत नाही. एअरीने १८३५ मध्ये दाखवलं की गोल तोंडाच्या उपकरणाच्या नाभीत बिंदू पडत नाही, चकती पडते. तिचा व्यास २.४४ गुणिले तरंगलांबी, गुणिले नाभीय अंतर भागिले उपकरणाचा व्यास. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली आणि नाभीय अंतर व्यासाच्या दहापट असलं, तर चकती सुमारे १३ मायक्रॉनची होते. आता आवाज घ्या. हवेत १ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ३४ सेंमी असते. ६० सेंमीच्या थाळीत, म्हणजे थाळीच्या आकाराच्या वक्र आरशात, अशा दोन तरंगलांब्याही भरत नाहीत. ती कितीही सुबक घासा, त्या आवाजासाठी तिला नाभी अशी जवळजवळ नाहीच. तीच थाळी ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाऊंडला दाखवा. आता तरंगलांबी ८.६ मिमी, म्हणजे थाळीत ७० तरंगलांब्या बसतात, आणि ती झकास चालते.

दृश्य प्रकाश: भिंग की आरसा

खरी चुरस इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

भिंगाचा मोठा दोष म्हणजे रंग. दुर्बिणीच्या भिंगांसाठी नेहमी वापरली जाणारी बोरोसिलिकेट क्राउन काच निळ्या प्रकाशासाठी १.५२२ आणि लाल प्रकाशासाठी १.५१४ इतका अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते त्याचं माप) दाखवते. आकडा किरकोळ वाटतो, पण १ मीटर नाभीय अंतराच्या एकेरी भिंगात निळ्या आणि लाल नाभीत त्यामुळे सुमारे दीड सेंटिमीटर अंतर पडतं. एका रंगाची प्रतिमा स्पष्ट केली की दुसऱ्या रंगाची कड भोवती पसरते. न्यूटनने याच कारणाने भिंगाचा नाद सोडला आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली. पुढे दोन वेगवेगळ्या काचा जोडून हा दोष बराच आटोक्यात आणता येतो हे सिद्ध झालं, आणि १७५८ मध्ये डॉलंडने अशा जोडभिंगाचं पेटंट घेतलं. दोष कमी झाला, पण संपला नाही. आरशाला हा प्रश्नच नाही, परावर्तनाचा कोन रंग विचारत नाही.

मग सगळेच आरसा का घेत नाहीत? कारण आरसा चुका दुप्पट करतो. समजा पृष्ठभागावर कुठेतरी १०० नॅनोमीटर खोलीचा खळगा राहिला. आरशावर लहर त्या खळग्यात जाते आणि परत येते, म्हणजे वाटेत २०० नॅनोमीटरचा फरक पडतो. भिंगावर तोच खळगा असेल तर तिथे काचेऐवजी हवा आली एवढंच. फरक खोलीच्या जवळपास निम्मा, म्हणजे ५० नॅनोमीटरच्या आसपास. चांगल्या प्रतिमेसाठी पाव तरंगलांबी ही जुनी कसोटी आहे आणि हिरव्या प्रकाशासाठी ती सुमारे १३७ नॅनोमीटर भरते. त्याच खळग्याने आरसा नापास होतो आणि भिंग आरामात पास होतं. म्हणजे सारख्या दर्जाच्या प्रतिमेसाठी आरशाचा पृष्ठभाग भिंगापेक्षा सुमारे चौपट अचूक हवा. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा काठाशी जेमतेम २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि प्रतिमा धूसर आल्या. डिसेंबर १९९३ मध्ये दुरुस्तीचे आरसे बसवल्यावरच त्या नितळ झाल्या.

जुळवणीतही भिंग सोशिक आहे. पातळ भिंग थोडं तिरकं झालं तर प्रतिमा फारशी हलत नाही. आरसा एक अंश वळला की किरण दोन अंश वळतात. शिवाय आरशाची नाभी येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेतच पडते, त्यामुळे दुसरा आरसा मध्ये आणावा लागतो आणि त्याची सावली पडते. ग्रहांवरचे फिकट पट्टे पाहताना हा फरक जाणवतो. प्रकाशाची गळती दोन्हीकडे आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, तर अ‍ॅल्युमिनियमचा आरसा दृश्य प्रकाशातला दहा टक्क्यांच्या आसपास गिळतो.

आकार वाढला की मात्र तराजू एकदम आरशाकडे झुकतो. भिंगाला फक्त कडेने धरता येतं, आणि मोठी काच स्वतःच्या वजनाने वाकते. यर्कीज वेधशाळेतलं १.०२ मीटरचं भिंग १८९७ मध्ये कामाला लागलं. खगोल निरीक्षणासाठी त्याहून मोठी भिंगाची दुर्बीण पुढे यशस्वी झाली नाही. आरशाला पाठीमागून हवे तेवढे आधार देता येतात आणि तो तुकड्यांचाही करता येतो. केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आहे.

स्वतः आरसा घासायचा विचार असेल तर एक हिशेब उपयोगी पडेल. गोलीय आरसा घासायला सोपा, पण समांतर किरणांसाठी खरा आकार पॅराबोला. १५० मिमी व्यास आणि १२०० मिमी नाभीय अंतर घेतलं, तर काठाशी गोल आणि पॅराबोला यांच्यात फक्त ०.२९ मायक्रॉनचा फरक उरतो. सर्वोत्तम जागी फोकस केल्यावर लहरीतली चूक पाव तरंगलांबीच्या आसपास राहते. म्हणजे या मापाला गोलीय आरसा कसाबसा चालून जातो. नाभीय अंतर याहून कमी केलंत तर पॅराबोला टाळता येणार नाही.

लेझरसारखा एकरंगी प्रकाश असेल आणि व्यास काही सेंटिमीटरच असेल, तर दुसरा विचार न करता भिंग घ्या. पांढरा प्रकाश आणि पंधरा-वीस सेंटिमीटरच्या वरचा व्यास असेल तर आरसा.

सूर्यप्रकाशाची उष्णता गोळा करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना सुबक प्रतिमा नको, तीव्रता हवी. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे ०.००९३ पट असतो. १०० मिमी व्यासाच्या दोन भिंगांत एकाचं नाभीय अंतर २०० मिमी आणि दुसऱ्याचं १००० मिमी असेल, तर पहिल्याची प्रतिमा १.९ मिमी आणि दुसऱ्याची ९.३ मिमी. गोळा झालेली उष्णता सारखीच, तीव्रता मात्र २५ पट. इथे प्लॅस्टिकचं सपाट, गोल खाचांचं फ्रेनेल भिंग हलकं आणि पुरेसं ठरतं, प्रतिमा पाहायला मात्र ते कुचकामी. मोठ्या कामाला आरसेच लागतात. फ्रान्समधल्या ओदेयो इथली सौरभट्टी तशीच आहे: ६३ सपाट आरसे प्रकाश एका अजस्र अंतर्वक्र आरशावर टाकतात आणि नाभीत ३५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मिळतं. कोणत्याही मांडणीने सूर्याच्या पृष्ठभागाच्या वर, म्हणजे सुमारे ५५०० अंशांच्या वर, मात्र जाता येत नाही. आणि यातल्या कशातूनही सूर्याकडे डोळा लावू नका, क्षणभरही नाही.

झोन प्लेट कधी?

झोन प्लेट म्हणजे एकाआड एक काळी आणि पारदर्शक वर्तुळं असलेली सपाट चकती. दृश्य प्रकाशासाठी ती निवडावी असं मी म्हणणार नाही. साध्या काळ्या-पांढऱ्या प्लेटमध्ये मुख्य नाभीत जेमतेम १० टक्के प्रकाश पोहोचतो. काळ्या वर्तुळांऐवजी अर्ध्या तरंगलांबीचा उशीर देणारी वर्तुळं केली तर ४० टक्के. रंगदोष तर भिंगाहून भयंकर: ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरसाठी १ मीटरवर नाभी असलेली प्लेट ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश १.४ मीटरवर नेऊन टाकते.

पण क्ष-किरणांपाशी आलं की हीच चकती अनमोल ठरते. क्ष-किरणांसाठी पदार्थांचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो, फरक एक लाखांश किंवा त्याहूनही लहान. भिंग शक्य आहे, पण ते अंतर्वक्र हवं आणि एकामागे एक अशी कितीतरी भिंगं मांडावी लागतात. अशी मांडणी १९९६ मध्ये प्रत्यक्षात दाखवली गेली. आरसाही चालतो, पण किरण त्याला जवळपास घासून गेले तरच. चंद्रा ही अवकाशातली क्ष-किरण वेधशाळा १९९९ पासून एकात एक बसवलेल्या आरशांच्या चार जोड्यांनी हेच करते, कोन एका अंशाहूनही कमी. निवड त्यामुळे कामावर ठरते. दूरच्या ताऱ्याचे वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वेचायचे असतील तर घासणारे आरसे. सूक्ष्मदर्शकासाठी एकाच ऊर्जेचा अतिबारीक ठिपका हवा असेल तर झोन प्लेट. तिचा ठिपका साधारण सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाच्या रुंदीएवढा असतो, आणि ती रुंदी काही दशक नॅनोमीटरपर्यंत खाली आणता येते.

शिकण्यासाठी करून पाहायची असेल तर मायक्रोवेव्हवर करा. ३ सेंमी तरंगलांबी आणि ६० सेंमीवर नाभी धरली, तर पहिल्या चार वर्तुळांच्या त्रिज्या १३.५, १९.२, २३.७ आणि २७.५ सेंमी येतात. पुठ्ठ्यावर दुसरा आणि चौथा पट्टा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाने झाका. संवेदक पुढे-मागे सरकवत नेला की नाभीपाशी काटा चढतो. वेळेचा हिशेब हातात आल्यासारखा वाटतो, तो इथे.

ध्वनी आणि रेडिओ: थाळी की अ‍ॅरे

ध्वनीच्या भिंगात प्रकाशाची पाठ केलेली सूत्रं उलटतात. पाण्यापेक्षा बहुतेक कडक प्लॅस्टिकमध्ये ध्वनी वेगाने धावतो, म्हणून पाण्यात अल्ट्रासाऊंड गोळा करणारं प्लॅस्टिकचं भिंग अंतर्वक्र लागतं. हवेत कार्बन डायऑक्साइडने भरलेला फुगा आवाज गोळा करतो आणि हेलियमचा फुगा पसरवतो. प्रात्यक्षिकाला हे छान, पण हवेतल्या कामासाठी मी थाळीच निवडेन.

शरीरात किंवा पाण्यात मात्र अ‍ॅरेला तोड नाही. सोनोग्राफीच्या प्रोबचा २० मिमी रुंद भाग वापरून ४० मिमी खोलीवर नाभी आणायची आहे असं समजा. मधल्या घटकापासून वाट ४० मिमी, काठाच्या घटकापासून ४१.२३ मिमी. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर, म्हणून काठाचा घटक मधल्याच्या ०.८ मायक्रोसेकंद आधी सुटला पाहिजे. बस्स, नाभी तयार. ३ मेगाहर्ट्झला तिची रुंदी सुमारे १ मिमी येते. पुढच्याच क्षणी उशिरांची यादी बदला, नाभी दुसरीकडे जाते, काहीही हलवावं लागत नाही. याउलट १९८० मध्ये म्युनिकला मूतखडे फोडायला पहिल्यांदा वापरलेल्या यंत्रात लंबवर्तुळाकार परावर्तक होता: एका नाभीत ठिणगी, दुसऱ्या नाभीत खडा. ताकद भरपूर, पण नाभी जागची हलत नाही, त्यामुळे रुग्णालाच नेमक्या जागी आणावं लागतं. अ‍ॅरेची अडचण घटकांच्या अंतरात आहे. लहर तिरकी वळवायची तर दोन घटकांत अर्ध्या तरंगलांबीहून जास्त अंतर चालत नाही, नाहीतर नको तिथे दुसऱ्या नाभी उगवतात.

रेडिओत थाळी अजूनही सगळ्यात सोपी. २१ सेंमीच्या लहरीला सेंटिमीटरभराची चूक खपते, म्हणून पत्र्याऐवजी जाळीही चालते. आरेसिबो या रेडिओ दुर्बिणीची ३०५ मीटरची थाळी मुद्दाम गोलीय ठेवली होती. पॅराबोलाची प्रतिमा चांगली, पण एवढी थाळी वळवणार कोण? गोलाला ठरावीक अक्ष नसतो, त्यामुळे थाळी स्थिर ठेवून वर टांगलेला ग्राहक हलवला की वेगळी दिशा दिसते. गोलीय विपथन, म्हणजे गोल पृष्ठभागावरून आलेल्या लहरी एका बिंदूत न जुळण्याचा दोष, पत्करलं आणि ग्राहकाच्या बाजूने सुधारून घेतलं. १९६३ पासून २०२० मध्ये कोसळेपर्यंत त्या दुर्बिणीने जे काम केलं ते पाहता हा सौदा मला अतिशय शहाणपणाचा वाटतो.

इलेक्ट्रॉनच्या लहरींसाठी निवडीला फारसा वाव नाही, चुंबकीय भिंगच. त्याचं गोलीय विपथन साध्या गोल सममितीत घालवता येत नाही हे शेर्त्सरने १९३६ मध्येच सिद्ध केलं होतं, आणि सुधारणारी वेगळी चुंबकं १९९० च्या दशकात नीट जमली.

प्रकाशासाठी अ‍ॅरेचा विचार आता पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाही. पांढऱ्या रंगाच्या थरासारख्या अपारदर्शक पदार्थामागे प्रकाश गोळा करायचा असेल, तर भिंग आणि आरसा दोघेही हात टेकतात. २००७ मध्ये लेझरच्या लहरीचे बारीक तुकडे पाडून, प्रत्येकाला वेगळा उशीर देऊन, अशा थराच्या पलीकडे विखुरलेल्या प्रकाशाहून हजारपटीपर्यंत तेजस्वी ठिपका मिळवला गेला. योग्य उशीर शोधेपर्यंत थर मात्र स्थिर राहायला हवा. जिवंत ऊतींमध्ये विखुरण्याची रचना मिलिसेकंदांत बदलते, म्हणून तुमचा पदार्थ हलता असेल तर या मार्गाला जाण्याआधी तो किती वेळ तसाच राहतो हे मोजून घ्या.