नॅसमची लिस्टिंग फाइल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

एम्बेडेडमधली (उपकरणांत बसवलेल्या संगणकांची) नोकरी सांभाळून संध्याकाळी असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) काहीतरी करत बसायची मला जुनी खोड आहे. गेले आठ महिने एक सापाचा खेळ लिहितोय. अट एवढीच की तो सगळाच्या सगळा बूट सेक्टरमध्ये (संगणक सुरू होताना डिस्कवरून सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात) मावला पाहिजे. म्हणजे ५१२ बाइट, त्यातले शेवटचे दोन ५५ आणि एए या सहीचे, हातात उरले ५१०. असेंब्लर (असेंब्लीचे बाइट करणारा प्रोग्रॅम) नॅसम, कमांडच्या शेवटी ‘-एल’ आणि फाइलचं नाव, की लिस्टिंग फाइल मिळते. हा अनुभव त्या ‘-एल’चा.

लिस्टिंग कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ओळ क्रमांक, मग आठ आकडी ऑफसेट (सुरुवातीपासून कितवा बाइट), मग त्या ओळीतून तयार झालेले बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात), आणि उजवीकडे तुम्ही लिहिलेली मूळ ओळ. पहिल्यांदा उघडली तेव्हा हसूच आलं. हे तर डिप्लोमाचं जर्नल! ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर काम केलेल्यांना आठवेल: पत्ता, ऑपकोड (सूचनेचा आकडा), लेबल, सूचना, शेरा असे रकाने पट्टीने आखायचे, तक्त्यात बघून ‘एलएक्सआय एच’ या सूचनेचा २१ शोधायचा, २०५०एच हा पत्ता उलटा करून ५० २० असा लिहायचा, आणि मग सगळं बोटाने किटवर चढवायचं. तेव्हा असेंब्लर आम्हीच होतो आणि लिस्टिंगही आमच्याच हातची.

पुढे ८०८६ प्रोसेसरसाठी मॅसम (मायक्रोसॉफ्टचा असेंब्लर) आलं. ते ओळीने विचारायचं: ऑब्जेक्ट फाइल? सोर्स लिस्टिंग? क्रॉस-रेफरन्स? आम्ही धडाधड एंटर मारायचो. लिस्टिंगसमोर कंसात ‘नल.एलएसटी’ असं छापलेलं असायचं, त्याचा अर्थ कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. नल म्हणजे डॉसची कचराकुंडी. दोन सेमिस्टर आमच्या लिस्टिंगा तिथे गेल्या.

आता मुद्द्याचं. मला हिचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो काटकसरीला. मार्चमध्ये खेळ चालू लागला आणि नॅसमने ‘टाइम्स व्हॅल्यू -१४ इज निगेटिव्ह’ म्हणून हात वर केले. १४ बाइट जास्त. नुसता सोर्स बघून १४ बाइट कुठे लपलेत ते कळत नाही, कारण सोर्समध्ये सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. शेवटची भरणीची ओळ (उरलेली जागा भरून काढणारी ‘टाइम्स’) तात्पुरती शेऱ्यात टाकली, लिस्टिंग काढली आणि हेक्सच्या रकान्यावर बोट ठेवून वरून खाली आलो.

तीन सशर्त जंप (अट जुळली तर दुसरीकडे उडी मारणाऱ्या सूचना) ०एफ८४ ने सुरू होणाऱ्या, चार-चार बाइटच्या निघाल्या. ‘खेळ संपला’ हा भाग मी अगदी तळाशी ठेवला होता, तो १२७ बाइटच्या टप्प्याबाहेर गेला होता. उचलून मधोमध आणला, तिन्ही जंप ७४ च्या, दोन बाइटच्या झाल्या. सहा वाचले. दिशेचा व्हेरिएबल मी बीएल या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) वाचत होतो: ८ए १ई आणि पत्ता, चार बाइट. तोच एएलमध्ये वाचला तर ए० आणि पत्ता, तीनच. अशा चार जागा होत्या. ‘मूव्ह सीएक्स, ०’ चे तीन बाइट, सीएक्सचा स्वतःशीच ‘झॉर’ करून शून्य आणलं तर दोन; अशी दोन ठिकाणं. ‘मूव्ह’ करून ‘इन्क एसआय’ केलेल्या एका जोडीच्या जागी दोन्ही कामं एकदम करणारं ‘लॉडएसबी’ टाकलं, तिनाचा एक झाला. सहा, चार, दोन, दोन. मोजून घ्या.

हे सगळं पुस्तकात असतंच की, असं कुणी म्हणेल. असतं. पण आपल्या कोडमध्ये नेमकं कुठे आहे ते पुस्तक सांगत नाही.

दुसरा उपयोग चुका पकडायला. मॅसमची सवय असलेला माणूस नॅसममध्ये हमखास चौकोनी कंस विसरतो. ‘मूव्ह एएक्स, काउंट’ लिहिलं की मॅसम किंमत आणतं, नॅसम पत्ता आणतं, आणि कुरकुर कोणीच करत नाही. लिस्टिंगमध्ये मात्र ए१ च्या जागी बी८ दिसतो. आता मला बी८ दिसला की आपोआप थांबायला होतं. (स्क्रीनच्या मेमरीसाठी बी८०० भरायची ओळ बी८ ०० बी८ अशी उमटते, डावीकडून वाचा की उजवीकडून. उगाच आवडते.)

आणि एक मराठी अनुभव. लिनक्सवर सहज ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्रॅम लिहिला. न, म, स, हलन्त, क, काना, र. सात मोजले आणि लांबी सात दिली. पडद्यावर ‘नम’ आणि पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन. लिस्टिंगमध्ये त्या एका शब्दाच्या तीन ओळी होत्या: एका ओळीत फार तर नऊ बाइट, ओळ अपुरी असेल तर शेवटी पुढे चालूची आडवी रेघ, आणि सगळीकडे ई०ए४, ई०ए५ ची माळ. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे २१. माहीत होतं हो, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून लांबी हाताने मोजत नाही, डॉलर वजा लेबल करून असेंब्लरकडूनच घेतो.

तक्रारी आहेत. सर्वांत त्रासदायक म्हणजे ऑफसेट. वर ‘ऑर्ग ७सी००’ (कोड मेमरीत ७सी०० या पत्त्यावर बसणार असं सांगणारी ओळ) लिहिलेलं असूनही लिस्टिंग शून्यापासूनच मोजते, आणि ‘मूव्ह एसआय, मेसेज’ ही ओळ बीई[९ई००] अशी दिसते. प्रत्यक्ष फाइलमध्ये असतं बीई ९ई ७सी. ऑर्ग लागूच होत नाहीये असं समजून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, शेवटी फाइलचा हेक्स डंप (बाइट जसेच्या तसे दाखवणारा) काढला तेव्हा उलगडा झाला. चौकोनी कंसाचा अर्थ ‘हा आकडा अजून पक्का नाही’ असा आहे, एवढं लक्षात ठेवा.

लेबलांची यादीही शेवटी येत नाही. मॅसम द्यायचं, ग्नूच्या असेंब्लरला ‘-ए’बरोबर ‘एस’ जोडला की तोही देतो. नॅसममध्ये त्यासाठी वेगळी मॅप फाइल काढावी लागते. अर्थात ग्नूवाल्याची लिस्टिंग मुळात छपाईसाठी पानं पाडते, दर पानावर मथळा. ते नको असेल तर ‘एन’ही जोडा. मला नॅसमचीच मांडणी वाचायला सोपी वाटते.

मॅक्रो (एका नावात बांधलेल्या ओळी) जास्त असतील तर विस्तार होऊन फाइल फुगते. मॅक्रोच्या व्याख्येत पॅरामीटरच्या संख्येला लागून ‘.नोलिस्ट’ लिहिलं की तो भाग गप्प होतो. असेंब्ल होताना चूक आली तर नेमकी गरज असते तेव्हाच लिस्टिंग हाती लागत नाही; नव्या आवृत्त्यांत ‘-एलपी’ (यातला एल मोठ्या लिपीतला) दिला तर ती प्रत्येक पासला (सोर्सवरच्या प्रत्येक फेरीला) लिहिली जाते. गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) मात्र ठेवू नका. वर एक सूचना घातली की खालचे सगळे ऑफसेट सरकतात आणि अख्खी फाइल बदललेली दिसते.

लिस्टिंगला जे कळतच नाही, तिथे तिला दोष देता येत नाही. एक बाइट वाचवायच्या नादात मी तुलना आणि जंप यांच्या मधल्या ‘मूव्ह’चाही ‘झॉर’ केला. ‘झॉर’ फ्लॅग (तुलनेचा निकाल धरून ठेवणाऱ्या खुणा) बदलतो, साप पहिल्याच पावलाला मरायला लागला. लिस्टिंग अगदी स्वच्छ होती, एक बाइट कमीही दाखवत होती. तो बाइट परत केला.

सध्या खेळ ४९७ वर आहे. १३ बाइट उरलेत आणि मुलीला गुण दिसायला हवेत. काल रात्री तो भाग लिहून लिस्टिंग काढली, १९ भरले.