ब्रूज की गेंट? मुक्काम कुठे करायचा ते ठरवताना

बेल्जियमसाठी हाताशी दोनच रात्री असल्या की हा प्रश्न येतोच. दोन्ही जुनी, दोन्ही कालव्यांची, आणि ट्रेनने मध्ये जेमतेम २५ मिनिटं, म्हणजे बघायची दोन्ही, फक्त बॅगा कुठे टाकायच्या ते ठरवायचं. माझं मत आधीच सांगते, मुक्काम गेंटला करा आणि ब्रूजला सकाळी लवकर पोचा.

दिसायला ब्रूज जास्त सुंदर आहे, यात वादच नाही. समुद्राकडे जाणारा त्यांचा पाण्याचा रस्ता गाळाने भरला, व्यापार अँटवर्पला गेला आणि गावात पैसाच राहिला नाही, मग जुनी घरं पाडून नवी बांधणार कोण, म्हणून मध्ययुगातलं गाव जवळजवळ तसंच उरलं. रोझेनहुडकाई या कालव्याकाठच्या जागी पाण्यात पडलेलं घरांचं प्रतिबिंब बघताना मला हेच सारखं आठवत होतं. अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोची मॅडोना, म्हणजे बाळ येशूसह मेरीची मूर्ती आहे, ती चुकवू नका. बेल्फ्रीच्या, म्हणजे घंटेच्या मनोऱ्याच्या मात्र ३६६ पायऱ्या आहेत आणि जिना वर वर अरुंद होत जातो, गुडघे दुखत असतील तर खालूनच घंटा ऐका. गेंटच्या बेल्फ्रीत थोड्या पायऱ्या चढलात की पुढे लिफ्ट आहे.

गेंटमध्ये देखणेपणा एका जागी मिळत नाही, फिरून शोधावा लागतो. ११८० चा ग्रावेनस्टीन किल्ला भर वस्तीत उभा आहे आणि शेजारून ट्राम जाते. सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आईक बंधूंचं १४३२ मध्ये पूर्ण झालेलं भव्य चित्र आहे, त्यातला एक भाग १९३४ मध्ये चोरीला गेला तो आजपर्यंत सापडलेला नाही, तिथे आता नक्कल लावलीय. या एका चित्रासाठी अर्धा दिवस द्या.

रात्रीचं म्हणाल तर तुलनाच नको. दिवसभराचे टुरिस्ट परतले की ब्रूज शांत होतं, चांगले बिअर पब आहेत पण ते निवांत बसून गप्पा मारायचे. गेंट विद्यार्थ्यांचं शहर आहे, ग्रासलेईच्या काठावर पोरं पाण्याकडे पाय सोडून बसलेली असतात, नाचायचं असेल तर ओव्हरपोर्टस्ट्राट किंवा व्लासमार्क्ट, आणि काहीच नको असेल तरी दिव्यांतलं शहर नुसतं चालत बघा. सिंट-व्हेर्लेप्लाइन चौकातले दिवे तिथल्या प्रसूतिगृहांना जोडलेत, बाळ जन्मलं की ते उजळतात. मला अख्ख्या ट्रिपमधलं हे सगळ्यात आवडलं. जुलैत दहा दिवस गेन्ट्से फेस्टन हा शहराचा उत्सव असतो तेव्हा मात्र हॉटेल खूप आधी बुक करा, आणि झोप प्रिय असेल तर तेव्हा जाऊच नका.

शॉपिंगमध्ये ब्रूज म्हणजे चॉकलेट आणि लेस. लेस घेताना जपून, हातमागाची पैठणी आणि पॉवरलूमची यात जो फरक तोच इथेही, दुकानात लटकलेली बरीचशी मशीनची असते. आधी लेस सेंटरमध्ये बायका लाकडी बॉबिन्स कशा फिरवतात ते बघा, मग हाताने केलेल्या इवल्याशा तुकड्याची किंमत का तेवढी ते आपोआप कळतं. गेंटमध्ये कपड्यांच्या नेहमीच्या ब्रँड्ससाठी व्हेल्डस्ट्राट आहे, पण मी घरी आणली ती ग्रुन्टेनमार्क्टवरच्या जुन्या तिरेन्टाईन दुकानातली मोहरीची चटणी (मस्टर्ड), पिंपातून बरणीत भरून देतात, चव थेट नाकात जाते. कुबेरडॉन नावाच्या जांभळ्या गोळ्याही मिळतात, काहींत जिलेटिन असतं, शाकाहारी असाल तर विचारून घ्या. बाकी शाकाहारींची गेंटमध्ये सोय चांगली आहे, २००९ पासून तिथे गुरुवारी शाकाहार करायची मोहीम चालू आहे.

आईवडील बरोबर असतील आणि रात्री आठनंतर बाहेर पडायचंच नसेल तर मात्र एक रात्र ब्रूजला राहा, कारण सकाळी आठच्या आत बेगाइनहोफच्या, म्हणजे धार्मिक बायकांच्या जुन्या वसाहतीच्या आसपास तुमच्याशिवाय फारसं कोणी नसतं.