पिवळ्या किल्ल्या, पांढऱ्या किल्ल्या: मोडीत देण्यापूर्वी धातू कसा ओळखावा

सोलापुरात जुना वाडा उतरवला, यंत्रमागाचा कारखाना हलवला किंवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, की किल्ल्यांनी भरलेला एखादा डबा निघतोच. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील आमचा गाळा रिकामा करताना असे दोन डबे निघाले. पहिला डबा मी न निवडता एका भंगाराच्या दुकानात दिला. दुकानदाराने तो हलवून पाहिला, ‘मिक्स माल आहे’ असे सांगितले आणि सगळ्याला लोखंडाहून थोडा बरा असा एकच भाव लावला. दुसरा डबा घरी आणून मी एकेक किल्ली तपासली, तेव्हा पांढऱ्या दिसणाऱ्या, म्हणून मी स्टीलच्या समजत होतो त्या किल्ल्यांपैकी बहुतेक आतून पितळेच्या निघाल्या. दोन्ही डबे त्याच कारखान्यातले, त्याच कुलुपांचे होते. पितळेचा भाव लोखंडाच्या दहा पटींहूनही अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्या डब्यात काय गेले असेल याचा अंदाज येतो.

जुन्या किल्ल्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. वाड्याच्या दिंडी दरवाज्याची किंवा कोठाराच्या कुलपाची लांब दांड्याची, पोकळ नळीची किल्ली बहुधा लोखंडी असते. तिच्यावर तांबूस गंज असतो आणि चुंबक तिला लगेच धरतो. मोडीच्या दृष्टीने तिची किंमत नगण्य आहे, आणि म्हणूनच ती लोखंडाच्या वजनात घालू नये असे माझे ठाम मत आहे. अशी हाताने घडवलेली किल्ली, विशेषतः तिचे कुलूप सोबत असेल तर, जुन्या वस्तू जमवणाऱ्याला हवी असते आणि तो तिचा भाव किलोवर ठरवत नाही. जुन्या पितळी किल्लीवर मात्र काळपट तपकिरी थर चढलेला असतो आणि ती पहिल्या नजरेत लोखंडीच वाटते. घरातील समई जशी उजळतो तसा चिंचेचा कोळ आणि मीठ लावून ती चोळली, की पिवळेपणा वर येतो. काही जुन्या पितळी किल्ल्यांवर गुलाबीसर लाल डाग दिसतात व त्या तांब्याच्या असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे ओल लागल्यामुळे पितळेतील जस्त वरच्या थरातून निघून गेलेले असते आणि मागे तांबे उरलेले असते. शुद्ध तांबे किल्लीसाठी फार मऊ पडते, त्यामुळे तांब्याच्या भावाची आशा धरू नये.

खरी मेहनत नव्या, चपट्या किल्ल्यांवर करावी लागते. अमेरिकन कुलूपकार लायनस येल यांनी 1860 च्या दशकात पेटंट घेतलेल्या पिन-टंबलर (आत स्प्रिंगवर बसवलेल्या पिना असणाऱ्या) कुलपामुळे पातळ, खाचा पाडलेल्या किल्ल्या रूढ झाल्या, आणि त्यांच्यासाठी पितळ सोयीचे ठरले. ते गंजत नाही आणि यंत्रावर स्वच्छ कापले जाते. कापणे सोपे जावे म्हणून त्यात 2 ते 3 टक्क्यांपर्यंत शिसेही मिसळतात. पण या पितळेवर निकेलचा अत्यंत पातळ मुलामा दिला, की किल्ली चांदीसारखी चकाकते. याउलट जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू मुळातच पांढरा असतो, त्यात चांदी औषधालाही नसते, आणि मोटारींच्या तसेच चांगल्या प्रतीच्या कुलपांच्या किल्ल्यांत तो वापरला जातो. तिसरी पांढरी किल्ली स्टीलची, आणि चौथी ओतीव जस्ताची, जी प्रामुख्याने शोभेच्या किंवा खेळण्यातल्या कुलपांबरोबर येते. या चारही किल्ल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही.

येथे बोलण्यातला एक घोटाळा सांगितला पाहिजे. आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले. भंगाराच्या दुकानात ‘या जर्मनच्या किल्ल्या आहेत’ असे म्हटले, तर समोरच्याच्या मनात ॲल्युमिनियमचा भाव येण्याची शक्यता असते. म्हणून ‘जर्मन सिल्व्हर’ असा पूर्ण शब्द वापरावा आणि एक किल्ली कापून दाखवावी.

ओळखण्याच्या पद्धतींत चुंबक पहिला. त्याची ताकद एक रुपयाच्या सध्याच्या नाण्यावर तपासून घ्यावी. ते स्टीलचे असल्याने चुंबकाला चिकटते. जी किल्ली घट्ट चिकटते ती लोखंडाची किंवा स्टीलची. निकेल स्वतः चुंबकाला ओढला जाणारा धातू असला, तरी मुलामा इतका पातळ असतो की साध्या चुंबकाला पितळी किल्ली लटकत नाही. चुंबकाची मर्यादा ही, की स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार त्याला चिकटत नाहीत आणि ते न चिकटणाऱ्या ढिगात मिसळून जातात.

चुंबकापेक्षा मला अधिक उपयोगी वाटली ती खाचांची तपासणी. बाजारात करून घेतलेली किल्ली आधी मुलामा दिलेल्या कोऱ्या पट्टीतून कापली जाते. त्यामुळे तिच्या दात्यांच्या कडा उन्हात तिरप्या धरून पाहिल्या, तर वरून पांढरी असलेली किल्ली खाचेत पिवळी दिसते. तसे दिसले की दुसरी कोणतीही चाचणी लागत नाही. खाचाही पांढऱ्या असतील, तर मुलामा कापल्यानंतर दिला असण्याची शक्यता उरते, म्हणून मुठीच्या कडेला कानशीचे दोन जोरकस हात मारावेत. आत पिवळे निघाले तर पितळ; पांढरेच राहिले आणि चुंबक धरत नसेल, तर जर्मन सिल्व्हर, स्टेनलेस स्टील किंवा जस्त. कानशीचा कीस शिसे असलेला असू शकतो, तेव्हा तो कागदावर धरावा, हात साबणाने धुवावेत आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नये.

या उरलेल्या तिघांसाठी पाण्यातील वजन कामी येते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा. एकाच प्रकारच्या वाटणाऱ्या 250 ग्रॅम किल्ल्या दोऱ्याने बांधून, तळाला किंवा भांड्याच्या बाजूला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवून धराव्यात आणि बुडबुडे झटकून टाकावेत. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे किल्ल्यांनी बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन; धातू जितका घन, तितका तो लहान. जर्मन सिल्व्हरसाठी सुमारे 29 ग्रॅम, स्टेनलेस स्टीलसाठी 31 ते 32 आणि ओतीव जस्तासाठी सुमारे 37 दिसतील. रंगीत ॲल्युमिनियमच्या किल्ल्या असतील तर आकडा 90 च्या पुढे जाईल. पितळ आणि जर्मन सिल्व्हर या दोघांत मात्र ही पद्धत निवाडा करत नाही, कारण त्यांची घनता जवळपास सारखीच आहे. तिथे कानशीनंतर दिसणारा रंगच खरा.

आता निर्णयाचे. माल किलोभराच्या आत असेल, तर चुंबक आणि खाचा एवढ्यावरच थांबावे: चिकटणाऱ्या एकीकडे, आत पिवळ्या निघालेल्या दुसरीकडे, बाकीच्या तिसरीकडे. किल्लीवाल्याच्या दुकानात वर्षभर चुकलेल्या किल्ल्या साठतात किंवा कारखान्यातून काही किलो निघतात, अशा ठिकाणी जर्मन सिल्व्हर वेगळे काढून दोन-तीन ठिकाणी भाव विचारणे योग्य ठरते, कारण निकेल पितळेच्या घटकांपेक्षा महाग आहे. परंतु कोणी त्याला पितळेचाच भाव देत असेल तर मूठभर मालासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. लोखंडी कड्या, साखळ्या आणि टॅग आधी काढून टाकावेत, कारण पितळेच्या ढिगात दिसलेली एक लोखंडी कडी दुकानदाराला सगळ्या ढिगाचा भाव पाडायला पुरेशी होते. प्लॅस्टिकच्या मुठी हातोडीने फोडाव्यात. जाळल्या तर विषारी धूर होतो. मोटारीच्या रिमोट किल्लीतील नाण्याएवढी बॅटरी काढून ती ई-कचऱ्यात द्यावी.

जी कुलपे अजून कुठे तरी लागलेली आहेत, त्यांच्या किल्ल्या देण्यापूर्वी पकडीत धरून दाते वाकवावेत किंवा कानशीने घासून टाकावेत. आमच्या दुसऱ्या डब्यात तळाशी गोदामाच्या शटरची किल्ली होती, आणि ते शटर आजही त्याच कुलपाने बंद होते.