तुपाऐवजी काय वापरावं: संक्रांतीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

तुपाला एकच पर्याय शोधत बसलात तर निराशाच होईल. तूप तीन वेगवेगळी कामं करतं: पदार्थ भाजतं, वास देतं आणि गार झाल्यावर आळून पदार्थ धरून ठेवतं. पहिल्या कामाला तेल व्यवस्थित चालतं, दुसऱ्याला अर्धंमुर्धं. तिसऱ्या कामात सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळेच पर्याय लंगडे पडतात.

फोडणीला लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल उत्तम. फक्त ते तुपाच्या आधी धुरावतं, म्हणून धूर येईपर्यंत तापवू नका. मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तडतडला की लगेच आच कमी करून जिरं, लसूण घाला. साध्या वरणावर वरून तेल सोडणं मात्र जमत नाही, चव बोथट लागते. त्यापेक्षा वरणालाच लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी द्यावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणीला आपल्याकडे तूप लागत नाहीच. करडईचं तेल कच्चंच घालावं. घाण्याचं करडई तेल तापवायला घेऊ नये, ते फार लवकर जळतं.

पुरणपोळी भाजताना तेल तव्यावर सोडू नका. पोळीच्या कडेबाहेरचा तवा सगळ्यात जास्त तापलेला असतो. तिथे तेल पातळ पसरतं, धुरतं आणि चिकट पिवळा थर धरतं. पुढच्या पोळीला तोच जळका वास लागतो. पोळी एकदा कोरडी उलटा, मग अर्धा चमचा तेल पोळीच्या मधोमध घालून चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत पसरवा. शेंगापोळीच्या सारणात तर तूप घालायची गरजच नाही. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, कूट गुळाबरोबर कुटला की सारण आपोआप मिळून येतं.

शिऱ्यात एक वाटी रव्याला अर्धी वाटी तूप घालत असाल तर तेल अर्ध्या वाटीला थोडं कमी घ्या. तेल आळत नाही, त्यामुळे तेवढंच घातलं तर शिरा गार झाल्यावर ताटलीत तेलाचा ओघळ दिसतो. इथे वास नसलेलं रिफाइंड तेलच घ्यावं. घाण्याच्या तेलाचा वास वेलचीला दाबून टाकतो. दूध चालत असेल तर शेवटी दोन चमचे साय घाला, दुधाळ चव परत येते.

खरी परीक्षा बेसन लाडवाची. अर्धा किलो बेसनाला २५० ग्रॅम तूप धरलं तर खोबरेल तेल २०० ग्रॅम पुरतं. पण ते साधारण २४ अंशांच्या वर पातळच राहतं. डिसेंबरात सकाळी लाडू दगडासारखे आणि एप्रिलमध्ये डब्यात बसलेले, चपटे. वनस्पती तुपाने लाडू छान वळले जातात, पण ते तोंडात पटकन विरघळत नाही, टाळूला थर चिकटतो. (२०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा आहे; तरी चवीसाठीच मी ते बाद केलं.) सगळ्यात बरा निघाला मिश्र प्रकार: बेसन १०० ग्रॅम शेंगदाणा तेलात मंद आचेवर भाजायचं, गॅस बंद केल्यावर १२५ ग्रॅम तूप घालायचं. तूप उशिरा पडल्यामुळे त्याचा वास टिकतो आणि लाडू आळतातही. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच, नाहीतर पाझरते. दूध अजिबात चालत नसेल तर तूप वगळून १८० ग्रॅम तेल आणि मूठभर भाजलेल्या दाण्याचा बारीक कूट घ्या. कूट सुटं तेल शोषतो. लाडू मऊ राहतात, फ्रीजमध्ये ठेवावे लागतात.

लोणी फार सांगण्यासारखं नाही. त्यात पाणी असतं म्हणून तडतडतं, आणि दुधाचा अंश खाली करपतो. मंद आचेवरच्या पदार्थांना ठीक.

वजन कमी होईल म्हणून हा बदल करत असाल तर थांबा. तूप काय, तेल काय, एका ग्रॅमला साधारण ९ कॅलरीच. फरक आहे तो संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीत: तुपात सुमारे ६० टक्के, शेंगदाणा तेलात २० च्या आत, करडईत त्याहून कमी. खोबरेल तेलात ती तुपापेक्षाही जास्त असते, आणि नेमकं तेच आरोग्याच्या नावाखाली घरात येतं.

करडईचं तेल एका वेळी अर्धा लिटरच आणा. इथल्या मे महिन्याच्या उकाड्यात ते लवकर खवट होतं. गडद बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. वापरण्याआधी झाकण उघडून वास घ्या, ऑइलपेंटसारखा उग्र दर्प आला तर चटणीवर घालू नका.